शेवटचं प्रकरण मोलकरणीचं

मॅडमविरुद्ध बोलायला माझी जीभ रेटत नाही. कर्जतच्या भिसेगावातल्या त्यांच्या घरात मला खोली मिळाली, ताट मिळालं, आणि तीस वर्षांनी पुन्हा वाचायला मिळालं. राग आहे तो बहुतेक माझ्यावरच.

शाळा मी अर्ध्या सातवीत सोडली. आई अंथरुणाला खिळली आणि हिंगोलीकडच्या आमच्या गावात दप्तर खुंटीला लागलं ते लागलंच. मॅडम कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला लागले. मग त्यांची नजर गेली तसा त्यांनी मला पेपर वाचायला लावला, पुढे पुस्तकं. मी अडखळले की थांबायच्या. हसल्या नाहीत कधी.

त्या एक जुनी, गाजलेली कादंबरी नव्यानं लिहीत होत्या, बाईच्या बाजूनं. मूळ पुस्तकात नवराच बोलतो. बायको झुरते आणि बाळंतपणात मरते. मॅडमनी सगळं तिच्या तोंडून सांगितलं. त्या बोलायच्या, मी वहीत उतरवायचे. पण मेलेली बाई शेवट कसा सांगणार? म्हणून शेवटचं प्रकरण त्या घरातल्या मोलकरणीला दिलं. मूळ पुस्तकात तिला एकच वाक्य आहे, "पाणी तापलंय."

"तू सांग," मॅडम म्हणाल्या. "मालकीण गेली. आता ही काय करेल?"

मला विचार करावा लागला नाही. कर्जतला येण्याआधी मी खालापूरला एका आजींकडे राहून काम करायचे. एका सकाळी त्या चहा न घेताच गेल्या. मी आधी गॅसवरचं दूध उतरवलं. मग माझी वळकटी बांधून दारामागे ठेवली, कारण संध्याकाळपर्यंत त्यांची मुलं येणार आणि मला जा म्हणणार, हे ठाऊक होतं. रडू आलं नाही. लोक म्हणाले, दगड आहे नुसती. रडले ती आठवड्यानं, दुसऱ्याच घरी, दूध उतू गेलं तेव्हा.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "लिही. ती मालकिणीच्या पायांवर कोसळते. हंबरडा फोडते."

"पण मॅडम, ती..."

"अगं, तिलाही मन आहे हे वाचकाला दिसायला नको का?"

मी लिहिलं. पळसदरीहून भाजी आणणाऱ्या मावशी दारात टेकल्या होत्या, त्या हसल्या. "रडाया बसली त चुलीवरचं कोन बघल गं? तुजी बाय कदी कामाला गेली नाय वाटतं."

"हळू बोला मावशी, ऐकू जाईल."

छपाईआधीची पानं आली. आमची पद्धत ठरलेली होती. मी विरामचिन्हांसकट मोठ्यानं वाचायचं आणि मॅडम चूक सांगतील तिथंच लाल पेन टेकवायचं. शेवटच्या पानावर हंबरडा आला आणि माझ्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. "तिनं आधी दूध उतरवलं, पूर्णविराम. मग आपली वळकटी बांधून, स्वल्पविराम, दारामागे ठेवली, पूर्णविराम." पानावर नसलेलं मी वाचत गेले, त्याच सुरात.

मॅडम म्हणाल्या, "छान उतरलंय हे. मला आठवतच नव्हतं मी असं केलेलं. राहू दे, काही बदलू नकोस."

मी नाही बदललं; पानावर हंबरडा तसाच राहिला. पेन हातातच होतं. शाळेत लाल शाई बाईंची असायची, आमच्या चुकांवर उमटायची. ती मी कशी उमटवू? आणि खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, आजवर आणखी काय काय मनचं वाचलंस? न दिसणाऱ्या माणसाला फसवणारी बाई घरात कोण ठेवील? माझी वळकटी आजही पलंगाखाली बांधलेली असते. पानं पाकिटात घालून मीच कुरिअरला दिली.

पुस्तक आलं. पहिल्याच पानावर छापलंय, "माझे डोळे झालेल्या मुलीस." ते त्यांनी मला चकवून प्रकाशकांना फोनवर सांगितलं होतं. त्यांनी हौसेनं मला वाचायला लावलं. ती ओळ वाचून झाल्यावर मला वर बघवेना.

मग वाचकांचे फोन येऊ लागले. परवा एक बाई म्हणाल्या, शेवटी ती मोलकरीण रडते तिथं मलाही आवरलं नाही. मॅडमनी फोन ठेवला.

"रडते? कुठं रडते गं ती?"

"नीट वाचलं नसेल त्यांनी."

"लोक वाचतच नाहीत हल्ली," मॅडम म्हणाल्या. "तू वाच बरं ते पान."

मी पुस्तक उघडलं, हंबरड्यावर बोट ठेवलं आणि वाचू लागले, "तिनं आधी दूध उतरवलं."