मोठ्या बाईंचा किरकोळ खर्च

हिशेब खात्यात त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. एकतीस वर्षांपूर्वी त्या लागल्या तेव्हा खात्यात चौदा माणसं होती आणि उचलताना कंबर धरेल अशा खातेवह्या. बेरीज वरून खाली करायची, मग पडताळायला खालून वर. कॉम्प्युटर आला नि पाच माणसं गेली. पुढचा आला नि आणखी सहा. दर वेळी बाई नवं शिकल्या आणि टिकल्या. आता निवृत्तीला चौदा महिने उरले होते, आणि नवऱ्याची औषधं त्यांच्याच पगारावर चालत होती.

आता येणारी, आपोआप हिशेब करणारी नवी कॉम्प्युटर प्रणाली पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या नोंदी वाचणार, असं साहेबांनी सांगितलं आणि बाई घाबरल्या. त्याला कारण होतं. वह्या जाऊन कॉम्प्युटर आला तेव्हा तीन महिने दोन्ही चालू होतं. त्या गडबडीत एकच मोठं बिल बाईंनी वहीवरूनही चुकतं केलं आणि कॉम्प्युटरवरूनही. लक्षात येईपर्यंत पुरवठादाराने गाशा गुंडाळलेला. बाईंनी एक पैसाही खाल्ला नव्हता, पण सांगायची छाती झाली नाही. ती रक्कम त्यांनी तुकड्यातुकड्यांनी ‘किरकोळ खर्चा’त जिरवली. पुढे सवयच लागली. काही जुळेना की घाल किरकोळीत.

आठवडाभर त्यांना घास गोड लागला नाही. नवऱ्याने विचारलं तर पित्त झालंय म्हणाल्या. शुक्रवारी दुपारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

साहेब मात्र खुशीत होते. प्रणालीला एकही गफलत सापडली नव्हती. उलट बाईंच्या नोंदी वाचून ती कामच शिकली होती. हिशेब जुळला नाही, तर फरकाचे तुकडे करून किरकोळीत टाकायचे, ही पद्धत तिने आपणहून उचलली. सोमवारपासून कंपनीच्या अकराही शाखांत तसंच चाललंय, कुठे एक रुपयाचा फरक नाही, असं साहेब कौतुकाने सांगत होते.

बाई सुटल्या होत्या. पण आता अकरा शाखांत कुणी कितीही खाल्लं तरी ते कुणाला दिसणार नव्हतं. याची वाटली तितकी भीती त्यांना पकडलं जाण्याचीही वाटली नव्हती.

“साहेब, ते आधी बंद करा.”

“का हो, बाई?”

“ती पद्धत नाही. मी लपवलेली चूक आहे ती.”

साहेबांनी उठून दार लावलं आणि त्यांना पहिल्यापासून सांगायला लावलं.