आरोग्य केंद्राचं तोंड रस्त्याकडे

सूर्यभाननाना गवंडी घराची आखणी करण्याआधी मोकळ्या जागेवर एक अख्खा दिवस नुसते बसून काढतात. सकाळी दगडावर टेकायचं, सावली कुठून कुठे सरकते ते बघायचं आणि दिवस मावळला की घरी. त्या दिवसाची मजुरी घेत नाहीत, म्हणून कुणाची तक्रार नसते. टिंगल मात्र तिसगावच्या बाजारापर्यंत पोचलेली. पण नानांनी बांधलेल्या घरात मे महिन्याच्या दुपारीही झोप लागते, आणि टिंगल करणारे तिथेच घोरतात.

गावाला आरोग्य केंद्र मंजूर झालं, तेही पर्यावरणपूरक. नकाशा आला तो नानांनी उलटसुलट पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा एका इंजिनिअरचं कौतुक केलं. इमारतीचं तोंड आणि बाळंतिणींच्या खोलीच्या मोठ्या खिडक्या उत्तरेला. पश्चिमेला नुसती जाड भिंत. गारवा फुकटात.

पण रस्ता पडला पश्चिमेला. ठेकेदार काकासाहेबांना इमारतीचं तोंड रस्त्याकडे हवं होतं. उद्घाटनाची गाडी थांबली की समोर पाटी दिसायला नको? पायाच्या आखणीसाठी चुन्याची फक्की टाकायच्या दिवशी त्यांनी नकाशाच फिरवून धरला, आणि उत्तरेच्या खिडक्या पश्चिमेला आल्या.

नानांनी फक्कीचं घमेलं खाली ठेवलं. "कागद तुमी फिरवला, काकासाहेब. ऊन कोन फिरवनार?"

"नाना, तुम्ही विटा लावा. उन्हाचं एसी बघेल."

नाना तालुक्याला जाऊन बांधकाम खात्याच्या साहेबांच्या टेबलासमोर उभे राहिले. साहेबांनी आखणीची मापं कागदाशी ताडून पाहिली, तंतोतंत आहेत म्हणाले. ती होतीच. नाना परतले तोवर काम दुसऱ्या गवंड्याकडे गेलेलं.

इमारत उभी राहिली. छतावर सोलर, दर्शनी भिंतीवर 'हरित आरोग्य केंद्र' अशी हिरवीगार पाटी. सोलरवर दिवे लागत, एसी नाही. आणि दुपारी वीज जाते हे एसीला कुणी सांगितलं नव्हतं.

एप्रिलात नानांची लेक सविता सोनईकडची ऊसतोड संपवून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. भर दुपारी कळा सुरू झाल्या, तिला केंद्रात आणलं. वीज गेलेली, रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन नगरला. खोलीत चार बायका, आणि काचांतून ऊन थेट खाटांवर. नर्स स्नेहल खिडक्यांना ओल्या चादरी लावत होती, त्या बघता बघता वाळत होत्या. सविताचे दोनदा डोळे फिरले.

नाना बाहेर आले. ऊसतोडीहून परतलेली टोळी पारावर बसली होती. सहा महिने पाचटाच्या कोपीत राहिलेली, तासाभरात घर उभं करणारी माणसं. नानांनी काही समजावलं नाही. बांबू आणि तुराट्या आणा, एवढंच म्हणाले. खिडक्यांपासून दोन हात सोडून त्यांनी आडोशाला तुराट्यांच्या उंच ताट्या बांधल्या, वारा खेळावा म्हणून. वर ओली गोणपाटं टाकली. हिरवी पाटी त्यामागे गडप झाली.

काकासाहेब धावत आले. "उद्या हरित इमारतीच्या पुरस्काराची समिती येतेय आणि तुम्ही दर्शनी बाजूला कोपी मारता?"

"पाटी काढून ताटीवर लावा की," टोळीतला पुंजाराम म्हणाला. "गारव्याचं काम तर हीच करतीय."

नाना हसले नाहीत. "आत चार बाया हायेत. त्या घरी गेल्या की मग हात लावा."

संध्याकाळी सविता बाळंत झाली. मुलगी. दोघी धड.

सकाळी समिती आली. समितीतल्या बाईंनी ताटीवरून हात फिरवला, स्थानिक साहित्याचा किती सुंदर वापर म्हणून फोटो काढले, आणि कल्पना कुणाची ते विचारलं. काकासाहेबांनी घसा साफ केला. मूळ कल्पना आमचीच, म्हणाले. आणि एका अर्थी ते खरंच होतं.

नाना पुढे झाले. "बाई, ह्ये ठिगळ हाय. फाटलं कशानं, त्ये लिवा. खिडक्या उत्तरेला हुत्या, ह्यांनी पाटीसाठी उन्हात आनल्या. माझी पोर आत मरत हुती."

बाईंनी हातातला फॉर्म चाळला. मग हळूच म्हणाल्या, फॉर्ममध्ये तसा रकाना नाही.

"मागची बाजू कोरी असंल की," नाना म्हणाले, आणि त्यांनी दारातून हलायचं नाव घेतलं नाही.