टीव्हीवर दिसलेलं आईचं भांडण

त्या वर्षांत केबलवर एक कार्यक्रम लागायचा. कुठल्यातरी परदेशी विमानतळावरचा, वरून हिंदी आवाज चिकटवलेला. स्वस्तातल्या विमान कंपनीचा काउंटर, पलीकडं गणवेशातली पोरगी, अलीकडं घामाघूम प्रवासी. उशीर झाला म्हणून आत सोडत नाहीत, बॅग जड झाली म्हणून जादा पैसे मागतात, आणि मग जे काय जुंपतं! एक बाई तर फरशीवर फतकल मारून बॅगेतले बूट उपसत होती. आमच्या घरी हा कार्यक्रम कुस्ती बघावी तसा ओरडत बघितला जायचा.

आईला त्यात भलताच रस. भांडण ऐन रंगात आलं की जाहिरात लागायची, आणि जाहिरातीनंतर दुसरंच भांडण. मग आई चिडायची.

"आगं, पर त्या बाईचं फुडं काय झालं? गेली का ती? आन ती काउंटरवरची पोरगी, ती जेवली का न्हाय?"

"आई, त्यांना तेवढंच दाखवायचं असतं."

"मग अर्धंच कशाला दावत्यात, मुडदं बशिवलं त्यांचं!"

मला वेगळंच कुतूहल. एवढ्या मोठ्या विमानतळावर गुमान जाणारी-येणारी माणसं असतीलच की. ती कधीच कशी दिसत नाहीत?

पुढं तसली स्वस्तातली विमानं आपल्याकडंही उडायला लागली. माझी थोरली बहीण दिल्लीत होती, तिचे दिवस भरत आलेले. डॉक्टरांनी तारीख अलीकडं ओढली, तेव्हा रेल्वेनं पोचणं जमेना म्हणून दाजींनी आईचं पुण्याहून विमानाचं तिकीट काढलं. आमच्या कळंब्याच्या गल्लीतून विमानात बसणारी आई पहिलीच. गल्लीनं सल्ले देऊन देऊन तिचं डोकं उठवलं. सगळ्या सल्ल्यांचं सार एकच: भांडायची तयारी ठेवा, त्याशिवाय ते आत सोडत नाहीत.

आईला काळजी होती ती वाकळेची. आमच्यात तान्ह्या बाळाला पहिल्यांदा कोरं कापड लावत नाहीत, वापरून मऊ झालेलं लावतात. माझी आजी जाऊन वर्ष झालं होतं. तिची लुगडी आईनं जपून ठेवलेली, त्यांची तिनं वाकळ शिवली, चांगली जाडजूड गोधडी. "माझी आई काय आता पणतवंडाला मांडीवर घेत न्हाय. निदान बाळ तिच्या लुगड्यात तरी निजू दे," म्हणाली आणि डोळे पुसले. लाडू राहिले तरी चालतील, वाकळ पोचलीच पाहिजे.

मी पुण्यापर्यंत सोडायला गेले. तिकीट नसलेल्यांना आत सोडत नव्हते, म्हणून काचेला नाक लावून बाहेर उभी राहिले. आई काट्यापाशी पोचली. मान हलली, बोटं हलली, बॅग खाली उतरली. मी म्हटलं, झालं, वजन भरलं जास्त. लाडू, भडंग, चटणी, सगळं कोल्हापूर घेऊन निघालेली ती. तिनं बॅग उघडली आणि वाकळ बाहेर ओढली. बाजूला एकजण खांद्यावर कॅमेरा घेऊन उभा होता. मला वाटलं, कुणाच्या लग्नाचं वऱ्हाड असेल.

मग काउंटरवरची लाल रुमालवाली पोरगी पुढं वाकली, आईच्या कानाशी काहीतरी बोलली. आईनं एकदम दोन्ही हात वर फेकले, तोंड हे एवढं उघडलं. भांडली वाटतं! पण रांगेतली माणसं हसत होती. ऐन मे महिन्यात आईनं ती वाकळ अंगभर पांघरली, माझ्याकडं बघून हात हलवला आणि गेली आत.

नात झाली. वाकळेत निजली. महिन्याभरानं आई परत आली आणि शेजारच्या काकूंपुढं सगळं साग्रसंगीत सांगितलं. "पोरगी मिरजंकडची निघाली, बघा. आधी म्हणाली, पैसे भरा न्हायतर सामान काढा. मी म्हटलं, बाय, वाकळ न्हाय ठेवणार, माझ्या आईची हाय. तशी कानात म्हणाली, मावशी, अंगावर घ्या, अंगावरचं वजन कोण करत न्हाय. मला असा आनंद झाला, मी वरडलोच, गुणाची गं माझी बाय!"

आई आनंदानं ओरडते आणि रागानंही ओरडते. परक्या माणसाला फरक कळत नाही, आम्हाला कळतो.

त्यानंतर काही दिवसांनी काकू धापा टाकत आल्या. "टीव्ही लावा! तुमी दिसताय!"

आपल्याकडंही तसला कार्यक्रम निघाला होता. पडद्यावर लाल रुमालवाली पोरगी, चेहरा कडक. "सामान कम करना पड़ेगा." मग एकदम आईचे वर गेलेले हात, उघडलेलं तोंड. आवाज गायब, वर ढोल. मग वाकळ पांघरलेली आई, हसणारी रांग आणि निवेदकाचा आवाज, की काही प्रवाशांपुढं नियमही हात टेकतात. पोरगी पुढं वाकली, ते कुठंच नव्हतं. संपलं. जाहिरात.

खिडकीतून डोकावणारी गल्ली फिदीफिदी हसली. "भांडलीसा की वो! आन आमास्नी सांगताय, पोरगी गुणाची!" संतापानं माझे कान तापले. ज्या दिवसाचा आईला एवढा अभिमान, त्याचा असा तमाशा? आईनं उठून टीव्ही बंद केला.

काकूंचा मात्र आईवर विश्वास होता. त्यांच्या पावण्यातला एकजण इथल्या पेपरात लिहायचा, त्याला त्या दुसऱ्या दिवशी घेऊनच आल्या. "वहिनी, खरं काय ते सांगा," तो म्हणाला. "छापून आणतो, सगळ्यांची तोंडं बंद."

मी चहा ठेवला. म्हटलं, आता ऐका. आईनं पदर सारखा केला.

"खरंच हाय ते," ती म्हणाली. "मी भांडलो. लई भांडलो. पोरगी बिचारी नको नको म्हणत हुती, मीच वाकळ अंगावर घेऊन आत घुसलो."

काकूंचा चेहरा पडला. पाहुण्यानं तेच लिहून घेतलं, चहा प्याला आणि गेला. बाजारात भाजीवाली सुद्धा विचारायला लागली, मावशी, विमानात भांडलेल्या तुमीच न्हवं? आई म्हणायची, व्हय, मीच की.

त्या दिवशी पाहुण्याची पाठ वळल्याबरोबर मी आईवर उखडले. "खोटं कशाला बोललीस? आयतं खरं सांगायला मिळत होतं!"

आई कपबशा उचलत होती. "आगं, पेपरात आलं असतं की पोरीनंच वाट काढून दिली, तर तिच्या सायबानं ठेवली असती व्हय तिला? भांडण दावून झालं की ह्यांची जाहिरात लागती. तिची नोकरी गेली असती, तर फुडचं कोण दावणार हुतं?"