घमेल्याखालचा पंजा

गेल्या गुरुवारी आमच्या शेतात बिबट्या येऊन गेला... म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंत तरी तो येऊन गेलेला होता. पुढचं सांगतो.

मी कोरेगाव भीमाजवळच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. गुरुवारची सुट्टी, म्हणून आदल्या संध्याकाळी कवठे येमाईला घरी आलो होतो. दसरा तोंडावर आलेला, झेंडू पिवळाधमक झालेला आणि तोडणीचा पहिलाच दिवस.

चहा तोंडाला लावतो तोच शेतातून मंगलमावशींची आरोळी आली. मावशी म्हणजे आमच्याकडे फुलं तोडायला येणाऱ्या बायकांच्या मुकादम. ड्रिपचा व्हॉल्व्ह गळतो तिथल्या चिखलात त्यांना पंजा दिसला होता... बाकीच्या बायका एव्हाना बांधावर!

आता आमच्याकडे बिबट्या ही काही ऐकीव गोष्ट नाही. उसात बछडी सापडतात, शेळ्या जातात, माणसंही गेली आहेत. त्यामुळे बायका तोडणीला नाही म्हणाल्या त्यात काहीच चूक नव्हतं. पण झाडावरची फुलं थांबणार नव्हती, आणि दसरा झाल्यावर झेंडूला विचारतो कोण?

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पंजावर घमेलं पालथं घातलं. का, तर पुरावा राहावा म्हणून... मला अभिमानच वाटला. पण मग येईल त्याला आबा घमेलं उचलून दर्शन देऊ लागले आणि जो तो बोटाने कड कोरत "इथपस्तोर हाय बघा" म्हणू लागला. दुपारपर्यंत पंजाने चांगलंच बाळसं धरलं.

"रातच्याला गुरगुरल्याचा आवाज आला व्हता," आबा लोकांना सांगत होते. "त्यो तुमच्या घोरण्याचा," आई म्हणाली, पण गर्दीत तिच्याकडे कोण लक्ष देतो.

तेवढ्यात व्हॉट्सॲपवर एक फोटो फिरत फिरत आला... 'कासुर्डीत बिबट्याचा धुमाकूळ, नागरिकांनी काळजी घ्यावी.' गाव भलतंच, पण फोटोत आमचंच घमेलं आणि कोपऱ्यात आबांचा अंगठा. आबांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, "तिकडं बी गेलाय म्हंजी."

मी खाली बसून पंजा नीट पाहिला. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, ती सहसा चिखलात उमटत नाहीत. इथे तर बोटांच्या पुढे चार टोचे स्पष्ट दिसत होते. मी जाहीर केलं, हा कुत्र्याचा पंजा आहे... आणि बहुतेक आपल्या मोत्याचा.

मी जमलेलं लग्न मोडायला आल्यासारखे सगळे माझ्याकडे बघायला लागले. आबा तर दुखावलेच. म्हटलं, ट्रायल घेऊ ना! शेजारी पाणी सोडून चिखल केला आणि मोत्याला बोलावलं. हा प्राणी एरवी चिखलातून थेट ओट्यावर येतो, पण त्या दिवशी त्याला स्वच्छतेची आठवण झाली. अर्धा बिस्किटपुडा संपवून मग त्याने एक पाय टाकला.

पंजा उमटला. नखांचे टोचे तसेच... पण आकार निम्मा! "ह्यो एवढा आन् त्यो केवढा!" सगळे खूश. त्यांचंही बरोबर होतं, मूळ पंजा त्यांनीच कोरून मोठा केला होता. पुराव्याची पार वाट लागली होती.

मग सुचलं, कोणाचं बोट लागण्याआधीचा पंजा कुठेतरी असेल ना? मंगलमावशींनी सगळ्यात आधी लेकीला पाठवायला फोटो काढला होता. त्यात पंजाशेजारी त्यांची निळी चप्पल आलेली. तीच चप्पल मी मागून घेतली, मोत्याच्या पंजाशेजारी ठेवली आणि तसाच फोटो काढला. चपलेच्या मापाने दोन्ही पंजे सारखेच!

मावशींनी फोन डोळ्याजवळ नेला, मग लांब धरला. "मोत्याच हाय की रं ह्यो," म्हणाल्या. लोक पांगले, आबा मोत्याला शिव्या देत घराकडे गेले आणि मी... खरं सांगतो, मी छाती काढून उभा होतो.

"चला मावशी, घ्या तोडायला!"

"घेते की. आम्ही ह्या अंगानं धरतो. उसाकडची सरी तू धर, बापू."

ऊस डोक्याच्या वर वाढलेला, आत भर दुपारी अंधार. माझं पाऊल उचलेना. आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की सकाळपासून मी एवढंच सिद्ध केलं होतं... मोत्या येऊन गेला. बिबट्या आलाच नाही, हे कुठे सिद्ध झालं होतं? एक पार्ट तपासून अख्खा लॉट पास केला असता तर साहेबांनी मला गेटबाहेर उभं केलं असतं.

पण एवढी फुशारकी मारल्यावर माघार कशी घेणार? गेलो. वाकून तोडत होतो आणि दर दोन फुलांमागे मान वळवून उसाकडे बघत होतो. भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती.

जरा वेळाने शेजारी पाटी टेकली. मावशी! "एकट्यानं नगं. भ्या मलाबी वाटतंय," म्हणाल्या. "काईबी म्हण, पर मोठ्यानं म्हण. आवाजानं जनावर लांब ऱ्हातं."

फुलं वेळेत बाजारात गेली. वनखात्याला फोन केलाय, उसाच्या कडेला कॅमेरा लावतो म्हणालेत. त्यात काय दिसेल ते दिसेल, तोपर्यंत मी 'आहे' पण म्हणत नाही आणि 'नाही' पण.

मंगलमावशी, स्वतः घाबरलेल्या असून तुम्ही माझ्या सरीत आलात, त्याबद्दल थँक्यू. तिथेच म्हणायला हवं होतं... पण मी मोठमोठ्याने एकोणिसाचा पाढा म्हणत होतो, आणि तो मध्येच थांबवायची माझी हिंमत नव्हती.