हात दिसला की बाजूला

विमानातून उडी मारायला काहीच वेळ लागत नाही. वेळ लागतो तो विमान सुरू व्हायला! कधी पेट्रोल आलेलं नसतं, कधी वारा ऐकत नाही, कधी टॉवरवरचा माणूस जेवायला गेलेला असतो. तोवर हँगरच्या सावलीत बसून करायचं काय? बोलायचं. ऐंशीच्या दशकात आम्ही नागपूरचे चार उडीबहाद्दर आकाशात जेवढे होतो, त्याच्या कितीतरी पट त्या सावलीत होतो. त्यामुळे आमच्याकडे शौर्य थोडं आणि किस्से फार, अशी परिस्थिती आहे.

चौघांत पहिले सुभेदारसाहेब. फौजेत उड्या मारण्यात जन्म गेला आणि निवृत्तीनंतर कामठीला घर बांधून राहिले. ते आमचे गुरू. दुसरा दिलीप राऊत, काटोलचा संत्र्यांचा व्यापारी. तिसरा बंडू गोतमारे. नागपूरच्या महाल भागात त्याचा फोटो स्टुडिओ होता. हेल्मेटवर कॅमेरा बसवून तो आमच्याबरोबर उडी मारायचा आणि पडता पडता आमचे फोटो काढायचा. चौथा मी, पॉलिटेक्निकमध्ये ड्रॉइंग शिकवणारा. सरळ रेषेत खाली येणं एवढाच माझ्या उड्यांचा आणि ड्रॉइंगचा संबंध.

सुभेदारसाहेबांचा नियम एकच होता, "पहले हात, फिर छतरी!"

छत्री, म्हणजे पॅराशूट, उघडली की माणूस हवेत एकदम अडतो. त्याच्या वर जो असेल तो मात्र त्याच वेगाने खाली येतो आणि थेट त्या छत्रीत शिरतो. मग दोघांचंही आटोपलं. म्हणून दोर ओढायच्या आधी दोन्ही हात डोक्यावर नेऊन कात्रीसारखे दोनदा हलवायचे. म्हणजे, मी उघडतोय, सरका. हात दिसला की बाकीच्यांनी तोंड फिरवून लांब निघून जायचं. कॅमेरावाल्याने सगळ्यांच्या आधी, कारण चांगल्या फोटोच्या नादात तोच सगळ्यात जवळ असतो.

* * *

सवय अंगात मुरावी म्हणून सुभेदारसाहेबांनी जमिनीवरही हा नियम लावला. बॅग असो, जीपचं दार असो की जेवणाचा डबा असो, काहीही उघडायच्या आधी हात! जो विसरला त्याचा डबा जप्त. दिलीपच्या आईच्या हातची पाटवडी अशी कितीदा सुभेदारसाहेबांच्या पोटात गेली, याचा हिशेब नाही.

एके दिवशी सुभेदारसाहेबांनी स्वतःच हात न हलवता आपला डबा उघडला. आम्ही तिघं त्यांच्याकडे पाहत बसलो. साहेबांनी शांतपणे झाकण लावलं आणि डबा दिलीपपुढे सरकवला.

"घे गा. नियम सगळ्याईले सारखा!"

केवढा मोठा माणूस, असं मला वाटलं. दिलीपने रीतसर हात हलवून डबा उघडला. आत दुधीची भाजी होती. साहेब त्या दिवशी मुद्दाम विसरले, असं दिलीप अजून म्हणतो.

* * *

मलाही ती सवय लागली. एकदा बर्डीच्या बाजारात पावसात उभा होतो. छत्री काढली, खरीखुरी, काळ्या कापडाची. उघडायच्या आधी दोन्ही हात डोक्यावर नेऊन दोनदा हलवले.

समोरून येणारी सिटी बस करकचून थांबली. तिथे स्टॉप नव्हता.

ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं, "काय झालं गा? पूल वाहून गेला काय?"

"नाही, छत्री उघडून राहिलो होतो," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. मागे हॉर्न वाजायला लागले. एवढी बस थांबवून चढलो नाही तर बरं दिसणार नाही, म्हणून मी चढलो. तिकीट कामठीपर्यंतचं काढलं. तिथे उतरून सुभेदारसाहेबांकडे चहा घेतला आणि परत आलो. साहेबांना किस्सा सांगितला, तर ते हसले नाहीत. म्हणाले, "बस थांबली न? मंग सिग्नल बरोबर होता."

* * *

पडताना हात मोकळे लागतात. म्हणून बंडूने कॅमेऱ्याचं बटण वायरने खाली आणून दातांत धरायची सोय केली होती. इतवारीतल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने ते बनवून दिलं होतं. दात दाबले की फोटो!

याचा परिणाम असा झाला, की जमिनीवरही चांगलं काही दिसलं की बंडूचा जबडा आवळायचा. फुटाळा तलावावर सूर्य बुडाला, आवळला. टांग्याच्या घोड्याने मान झटकली, आवळला. रस्त्यात चालताना मध्येच याच्या गालाचा गोळा टणकन वर यायचा आणि समोरच्याला वाटायचं, हा आपल्यावर दात खातोय.

शेवटी दाढ दुखायला लागली. डेंटिस्टने विचारलं, "झोपेत दात खाता का?"

सोबत बंडूची बायको, आमच्या कुसुमवहिनी होत्या. त्या म्हणाल्या, "झोपेत नाही जी. जागेपणी खातात."

वहिनींनी त्याचा उपयोगही करून घेतला होता. नवी साडी नेसली की त्या आरशात बघत नसत, बंडूच्या जबड्याकडे बघत. आवळला तर तीच साडी. नाही आवळला तर मुकाट्याने आत जाऊन दुसरी!

* * *

कुसुमवहिनी मैदानावर कधी आल्या नाहीत. त्यांना ते बघवत नसे आणि त्या तसं स्पष्ट सांगत. पण स्टुडिओची डार्करूम त्यांच्या ताब्यात होती. रोल धुणं, फोटो छापणं, सगळं त्याच करायच्या, आणि बंडूपेक्षा चांगलं करायच्या. नागपुरात कुणाच्या घरी कुणी वारलं, की जुना फोटो मोठा करून घ्यायला लोक यांच्याकडेच येत.

बंडूने पहिल्यांदा हेल्मेटवर कॅमेरा लावला, तेव्हा वहिनींनी एक अट घातली होती.

"लोकाईचे हार घालायचे फोटो मी छापते. तुमचा मी छापणार नाही, सांगून ठेवते. मी दर रोल पाहीन. शेवटच्या फोटोत समोरच्याचा हात वर पाहिजे. हाताच्या नंतर एकही फोटो दिसला, म्हणजे तुम्ही सरकले नाही. मंग हेल्मेट माळ्यावर!"

बंडूने कबूल केलं. करतो काय? पण त्याचं मन अडकलं होतं ते नेमकं हाताच्या नंतर जे होतं त्यात. पाठीवरून कापड सुटतं, दोऱ्या ताणतात, छत्री फुलते. तो फोटो देशात कुणाकडे नसेल, असं तो म्हणायचा. रोज बघायचा आणि रोज तोंड फिरवायचा.

त्यामुळे आमच्या क्लबच्या प्रत्येक रोलचा शेवट सारखाच असे. आम्ही दोन्ही हात वर करून कुणाचा तरी निरोप घेतोय!

* * *

दिलीपच्या लग्नाचे फोटो अर्थातच बंडूकडे होते. मंगलाष्टकं झाली, आंतरपाट दूर झाला. दिलीपने हार हातात घेतला आणि नवरीच्या गळ्यात घालायच्या आधी हारासकट दोन्ही हात डोक्यावर नेऊन दोनदा हलवले.

सुभेदारसाहेब आणि मी ताबडतोब मागे सरकलो. माझ्या मागे नवरीचे मामा अक्षता घेऊन उभे होते, त्यांच्या पायावर माझा पाय पडला. ते ओरडले. नवरीला वाटलं, काहीतरी पेटलं. तीही मागे सरकली! बोहल्यावर दिलीप एकटाच हार घेऊन उभा.

आणि बंडू? हात दिसल्याबरोबर त्याने कॅमेऱ्यासकट तोंड फिरवलं. दिलीपच्या अल्बममध्ये हार घालतानाचा फोटो नाही. त्या जागी मंडपाचा पंखा आहे.

नवरीकडची मंडळी फार बोलली. खूश झाल्या त्या एकट्या कुसुमवहिनी. पंख्याचा फोटो त्यांनी मोठा करून छापला आणि आल्यागेल्याला दाखवला, "पहा! माणूस असा पाहिजे!"

* * *

आता शेवटचा. हा आम्ही लोकांना सहसा सांगत नाही.

दिलीपची आई काटोलहून स्टुडिओत आली. काचेत मुलाचे फोटो लावलेले होते. तिने एकेक नीट पाहिला आणि डोळ्याला पदर लावला.

"बाप्पा, काहून गा बंडू? माहा पोरगा सगळ्या फोटोत जाऊन राहिला. एखाद्यात तरी घरी आल्यासारखा दिसू दे न!"

म्हातारीचं बोलणं दोघांनी मनाला लावून घेतलं. पुढच्या उडीला बंडू म्हणाला, "दिलीप, आज हात खाली ठेव. माझ्याकडे पाहून हास. मायसाठी एक फोटो घेतो. मग हलव हात."

त्या दिवशी सुभेदारसाहेब आणि मी खालीच होतो. साहेबांच्या डोळ्यांना दुर्बीण होती. दोन ठिपके पडत होते, एकाच्या थोडा वर दुसरा. अजून हात का नाही, असं साहेब स्वतःशीच पुटपुटले. तेवढ्यात खालच्या ठिपक्याची छत्री उघडली आणि वरचा ठिपका तिच्या दिशेने गेला.

साहेबांनी दुर्बीण खाली केली आणि गवतात बसले. त्या माणसाला मी तसं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मग बऱ्याच खाली, फारच खाली, बंडूची छत्री उघडली. साहेब तरीही लगेच उठले नाहीत.

जन्मभर डब्याला, बॅगेला, बायकोला घालायच्या हाराला हात हलवणारा दिलीप, हसण्याच्या नादात नेमका वर आकाशात विसरला होता!

उतरल्या उतरल्या तो छत्री ओढत रडत धावत आला. बंडू वाटेत उभा होता. बटण दातांतच होतं. ते साहेबांनी सोडवून घेतलं, तेव्हा त्याला बोलता आलं.

"छत्री खांद्याला घासून गेली," तो म्हणाला. मग दिलीपकडे वळला, "तू हसत होता गा. चांगला आला असशील."

"वहिनींना काय सांगायचं?" मी विचारलं.

दिलीपने डोळे पुसले आणि कॅमेऱ्याकडे बोट केलं. "मागचं झाकण उघडून देऊ. रोलले ऊन लागलं, की झालं! त्याईले दिसणारच नाही."

बंडूने हेल्मेट पोटाशी धरलं. "हात लावून तर पहा!"

चौघं जीपने महालात गेलो. बंडूने रोल वहिनींच्या हातात दिला. त्या डार्करूममध्ये गेल्या आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो. बंडू माळ्याकडे बघत होता.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. वहिनींच्या हातात ओला फोटो होता, त्यातून पाणी गळत होतं. त्यांनी तो काउंटरवर ठेवला. आम्ही माना पुढे केल्या आणि तसेच राहिलो. छत्रीचा अख्खा घेर फुलून आलेला, एकेक दोरी ताणलेली, आणि दोऱ्यांच्या खाली दिलीपचा वर बघणारा, हसणारा चेहरा. असा फोटो मी त्याच्या आधी पाहिला नव्हता. नंतरही नाही.

"हात कुठे आहे?" वहिनींनी विचारलं.

"माही चूक झाली वहिनी," दिलीप म्हणाला. "मी हलवलाच नाही."

"तुमचं समजलं भाऊजी." वहिनी बंडूकडे वळल्या. "छत्री अंगावर आली, घाबरून दात दाबले गेले, एक फोटो निघाला. तेही समजलं. हा त्याच्या नंतरचा आहे. हा दुसरा काहून काढला?"

बंडू खाली बघत म्हणाला, "चांगला दिसून राहिला होता."

वहिनींचा चेहरा लाल झाला. डोळे भरून आले होते, पण पाणी खाली पडू दिलं नाही. त्यांनी ओले हात पदराला पुसले. मग दोन्ही हात डोक्यावर नेले, बांगड्या वाजल्या, आणि ते कात्रीसारखे दोनदा हलवले.

सुभेदारसाहेब, दिलीप आणि मी क्षणात भिंतीला लागलो. सवयच तशी होती.

बंडू जागचा हलला नाही. तो वर बघत होता, वहिनींकडे. त्याचा जबडा आवळला.

वहिनींचे हात वरच राहिले.

"काढला?" त्यांनी विचारलं.

"काढला," बंडू म्हणाला.