कारल्याचा रस कडू लागेनासा झाला

मंडळी, पनवेलच्या वाचनालयाच्या या फळ्यावर रोज सुविचार असतो. आज माझं गाऱ्हाणं वाचा.

मला मधुमेह आहे. त्यावर नव्या गोळ्या निघाल्यात, पण डॉक्टर म्हणाले, "आधी वजन उतरवा, मग गोळ्यांचं ठरवू." मी भात सोडला. मिठागरावर कामाला सायकल सोडून पायी जाऊ लागलो. सदरे ढगळ झाले. आई रोज कारल्याचा रस द्यायची. हल्ली तो कडू लागत नव्हता. वाटलं, जीभ सरावली.

आज आईला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी निळ्या औषधात माझी लघवी घालून नळी दिव्यावर धरली. निळी राहिली तर लघवीत साखर नाही, मी सुटलो. ती हिरवी झाली, पिवळी झाली आणि बघता बघता विटकरी.

"चोरून काय खाता?" डॉक्टर कडाडले.

मी तडकलो. शेजारी बसलेल्या आईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "हिची शपथ, काही नाही!"

आईने माझा हात बाजूला केला. "त्याला नका बोलू. रसात गूळ मीच घालते. पोर सुकत चाललाय, आमी नुसतं बघत बसू?"

आता गूळ बंद करून पुन्हा तपासणी. तेव्हाही विटकरी आली, तर गोळ्या.

वाटेत मी रागाने तिच्या दहा पावलं पुढे चाललो. घरी तिने बिनगुळाचा रस पुढे केला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. जहर होतं नुसतं. एका दमात प्यालो.

"कडू नाय गं, आये," मी म्हणालो.

खरं सांगा, तुम्ही काय म्हणाला असतात?