उंबऱ्याशी न थांबणारा बँड

बाळूदादा जाऊन महिना होईल, तरी माझा राग जात नाही. बदलापूरच्या आमच्या बँडचा तो मास्तर, क्लॅरनेट वाजवायचा, मी ढोलावर. लग्नाच्या बँडला पैसे कसे मिळतात, ते वाजवणाऱ्यालाच ठाऊक. ठरवताना थोडा इसारा, बाकीचे वरात दारी लागल्यावर. आणि एकदा वरात दारी लागली की बँडवाल्याला ओळखतो कोण? गरज सरो, वैद्य मरो! वर नवरदेवावरून ओवाळलेल्या नोटा यजमान आमच्या मजुरीतून वळत्या करणार. अहो, ओवाळणी ही खुशी. पण सांगायचं कुणाला?

बाकीचे बँडवाले शहाणे. घर दिसलं की वाजवणं बंद. पैसे हातात, मग पुढचा सूर. दादाला ते पाप वाटायचं. "नवी नवरी मुक्यानं उंबरा ओलांडणार? छ्या!"

उल्हासनगरला निर्वासितांच्या कॅम्पातल्या एका लग्नात मी चिडून दारातच ढोल उतरवला. दादानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नवरी आत जाईपर्यंत वाजवत राहिला. मग नवऱ्याचे काका म्हणाले, "साईं, ओवाळणी मिली ना? बाकी कल आना." आता सिंध्यांना तरी का बोल लावू? असले 'उद्या या' आमच्या गाववाल्यांनीही थोडे ऐकवले नाहीत. पोरं वैतागली, एकेक करून अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात गेली. "दादा, माणसं टिकवायची की शकुन?" मी ओरडलो. "वाजव रे," एवढंच तो म्हणाला... माणूस भला, पण नुसत्या भलेपणावर बँड चालतो का?

तो गेला तेव्हा तीच पोरं खाडा करून आली, वाद्यं घेऊन अंगणात उभी राहिली. तिरडी उचलणार, इतक्यात वहिनींनी माझ्या मुठीत पैसे कोंबले.

"वहिनी, आपल्याच माणसाचे पैसे घेऊ?"

"घ्या भावोजी. आधी घ्या, मग वाजवा. माणूस दाराबाहेर गेल्यावर कोण देतं?"

जन्मभर त्या बाईनं काय गिळलं होतं, ते तेव्हा कळलं. मी पैसे घेतले. दादाचं क्लॅरनेट आत खुंटीला तसंच होतं.

परवा अंबरनाथला वरात होती. आता मास्तर मीच. या खेपेला दारात थांबायचंच, असं कारखान्यातून सुट्टी काढून आलेल्या पोरांना बजावून ठेवलं होतं. घर दिसलं, पोरं माझ्याकडे बघायला लागली. नवरी उंबऱ्याशी आली... आणि मेले हात थांबेचनात.

पैसे अजून यायचेत.